भिंतीतले कारागीर

एका गावाबाहेर भाताचं एक खाचर होतं. त्यातल्या घोटाभर पाण्यात आरसी नावाची एक बाई राहायची. बाई म्हणजे तुमच्याआमच्यासारखी नव्हे बरं का. ती होती डायटम, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं इवलंसं शेवाळ. पण थाट विचारू नका. कुंकवाच्या करंड्यासारखं तिचं घर, वर झाकण, खाली डबी, आणि सगळं काचेचं, बारीक जाळीचं. झाकण तर आजीच्या वेळचं.

ही काच पाण्यातूनच यायची. वाळूत जी सिलिका असते, तीच थोडी पाण्यात विरघळलेली असते. पण सिलिका काही आपण होऊन जाळी विणत नाही. ते काम प्रथिनांचं. आपल्या डाळीत असतात ना, त्यांचीच ही भावंडं. मऊ, लवचीक, दिसायला अगदीच साधी. पण कण कुठे बसवायचा नि भोक कुठे ठेवायचं, ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या मिस्त्रींना सगळे लवचिकराव म्हणत.

एक मात्र होतं. भिंत पुरी झाली की मिस्त्री सोडून बाकी बांधणारे भिंतीतच राहायचे, परत यायचे नाहीत. पुढच्या भिंतीसाठी आरसीला साठवणीतलं अन्न खर्चून नवी प्रथिनं घडवावी लागत. हे तिला फार खुपायचं.

त्या वर्षी डोंगरावरून गढूळ पाणी उतरलं आणि खाचरात सिलिकाच सिलिका झाली. आरसीची एकीच्या दोघी होण्याची वेळ जवळ आली होती. डायटमचं असंच असतं, आईच्याच दोन लेकी होतात. प्रत्येकीला जुन्या घराचा अर्धा भाग मिळतो, उरलेला अर्धा नवा घडवावा लागतो. तो वेळेत झाला नाही तर लेकी उघड्या पडतात. आणि खाचरात पाणपिसू नावाची खादाड कीड फिरत होती.

"लवचिकराव, यंदा तुमचं काम नाही," आरसी म्हणाली. "सिलिका दारात येऊन पडलीय. तुम्हाला घडवायचं, पोसायचं, आणि शेवटी तुम्ही भिंतीत गडप. मी काय धर्मशाळा उघडलीय?"

"बरं बाईसाहेब," लवचिकराव म्हणाले. "लागलं तर हाक मारा." आणि ते एका कोपऱ्यात जाऊन बसले.

आरसीने साठा झाकून ठेवला आणि भिंत व्हायची वाट बघत बसली. सिलिका जमली खरी, पण इथे ढेकूळ, तिथे भगदाड. ना जाळी, ना काठ. झाकणाला डबी काही बसेना.

शेवटी तिने शेजारच्या साळूमावशीला हाक मारली. साळूमावशी म्हणजे भाताचं रोप. "मावशी, एवढं वारं सुटलंय तरी तू ताठ उभी. तुझ्या पातीतही सिलिकाच आहे ना? तू कशी बसवतेस?"

"मी कुठली बसवतेय गं," साळूमावशी म्हणाली. "माझ्या मुळांच्या दारावर प्रथिनं बसलीयत, ती सिलिका आत घेतात. पातीत दुसरी आहेत, ती जागच्या जागी लावतात. मी नुसती उभी राहते, आणि कौतुक माझं होतं. तू आजीचं झाकण कधी नीट बघितलंयस का? नुसतं मिरवत असतेस."

आरसीने पहिल्यांदाच ते निरखून पाहिलं. काचेच्या कणाकणांत बारीक धागे होते. आजीच्या कारागिरांचे. ते गडप झालेच नव्हते. इतके दिवस ते झाकण धरून होते, आणि त्यांच्या आडोशाला आरसी निवांत झोपत होती. तिला स्वतःची लाज वाटली, फार वाटली.

तेवढ्यात पाणी हललं. पाणपिसू जवळ आली होती.

"लवचिकराव, माझं चुकलं," आरसी म्हणाली. "सगळा साठा घ्या. माझ्या लेकी उघड्या पडताहेत."

"चुकलंबिकलं नंतर बघू. आधी माणसं द्या."

आरसीने साठा तळापर्यंत रिकामा केला. नवी प्रथिनं घडली आणि कामाला लागली. ढेकळं बाजूला सारली, ताजी सिलिका घेतली, जाळी चढत गेली. शेवटी एवढीशी जागा उरली. लवचिकराव तिथे जाऊन उभे राहिले.

"मिस्त्री, तुम्ही तरी बाहेर राहा," आरसी काकुळतीने म्हणाली.

"बाहेर राहून काय करू? लेकींना सांभाळायला कुणीतरी नको का?" असं म्हणून ते भिंतीत गेले.

आरसीच्या दोघी झाल्या. पाणपिसूने धाकटीला तोंडात धरलं, कचकन चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. "खडा आहे मेला," ती म्हणाली आणि निघून गेली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. जाळीतून ऊन आत येत होतं.

तेव्हापासून त्या दोघी नवी भिंत घालायच्या आधी पहिला वाटा कारागिरांसाठी काढतात. मग जुन्या भिंतीला टेकून म्हणतात, "लवचिकराव, नवी मंडळी येताहेत. जरा शिकवा त्यांना."

तात्पर्य: घर काचेचं दिसलं तरी ते उभं असतं त्यात मिसळून गेलेल्यांच्या जिवावर. दिसत नाहीत म्हणून त्यांना फुकटे समजू नका, आणि चुकून समजलात तरी वेळेवर हाक मारायला लाजू नका.