मैनेने पुरी केलेली ओळ

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, फार फार पूर्वीची ही गोष्ट. एका राज्यात भलीमोठी पोथीशाळा होती. पंडितांच्या भरसभेत दुसऱ्याचे वचन सांगायचे, तर ते कोणत्या दालनातले, कोणत्या फडताळातले, कितव्या पानावरचे, हा सगळा पत्ता तोंडपाठ सांगावा लागे. पत्ता चुकला की बोलणेच बाद!

पुढे पोथीशाळेत मैना राहायला आल्या. वाचन ऐकून ऐकून त्यांना साऱ्या पोथ्या पाठ झाल्या. दोन शब्द उच्चारले की मैना उरलेली ओळ आणि लिहिणाऱ्याचे नाव सांगे. तरी सभेचे आपले तेच, आधी पत्ता!

एका वर्षी तापाची साथ आली. एका वैद्यीणबाईला जुन्या पोथीत त्यावर एका विषारी मुळीचा काढा सापडला. सभेच्या परवानगीवाचून तो देता येत नव्हता, आणि घरी तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. ती धावतच सभेत गेली. पण तिने ओळ उतरवून घेतल्यावर पोथीशाळेला रंग दिला होता आणि त्या गडबडीत फडताळे इकडची तिकडे झाली होती, त्यामुळे तिने सांगितलेला पत्ता जुळेना.

"दालन चुकलं, बाई," प्रमुख पंडित म्हणाले. "पुन्हा शोधून या."

"तोवर माझा भाऊ वाचेल का, शास्त्रीबुवा?" तिला रडू कोसळले. "पत्ता विचारता तरी कशाला तुम्ही?"

"वचन खरं आहे याची खात्री करायला."

"मग खात्री करा ना! मैनेला विचारा."

पंडित घुटमळले. अखेर त्यांनी मैनेला दोन शब्द सांगितले. मैनेने लिहिणाऱ्याचे नाव सांगितले आणि ती घडाघडा बोलू लागली, "मुळी भिजवावी, पहिले पाणी फेकून द्यावे, मग काढा करावा."

वैद्यीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पहिले पाणी फेकायचे, हे तिच्याकडून उतरवताना सुटले होते! पंडितांनाही दरदरून घाम फुटला. दालन बरोबर निघाले असते, तर त्यांनी डोळे मिटून होकार दिला असता.

ओळ दुरुस्त झाली, परवानगी मिळाली. दुसऱ्याच दिवशी भावाचा ताप उतरला आणि त्याने मऊ भात मागितला. भात कालवताना वैद्यीणबाईला हसू आवरेना आणि रडूही. सभेने पत्त्याची सक्ती उठवली आणि तेव्हापासून सभा एवढेच विचारू लागली, "वचन कोणाचं, आणि नेमकं काय?"

यातून घ्यायचे ते एवढेच: दुसऱ्याचे वचन सांगताना त्याचे नाव आणि शब्द चोख सांगावेत, ते पडताळण्याची रीत मात्र काळाबरोबर बदलावी.