नाईकाची लेक आणि मधाचा कडा

फार फार जुनी गोष्ट आहे ही. किती जुनी ते मला विचारू नका. माझ्या आजीच्या आजीलाही ते सांगता आलं नसतं.

एका रानात एक कडा होता. इतका उंच, की खालून माथा बघायला गेलं तर डोक्यावरचं पागोटं मागे पडायचं. त्या कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली, एकेक दाराएवढं. ऊन चढलं की त्यांचा घूंऽघूं आवाज खालच्या गावापर्यंत यायचा. नवखा माणूस तो ऐकून नकळत हात जोडायचा.

गावातली माणसं माथ्यावर खुंटाला दोर बांधून खाली उतरत आणि मध काढत. त्यांचा एक रिवाज होता. ज्याचा दोर त्यानेच वळायचा. दुसऱ्याच्या दोरावर कुणी उतरायचं नाही, मग तो दोर सख्ख्या बापाचा का असेना.

गावच्या नाईकाला एकुलती एक लेक होती, येसू. तिची आई ती जन्मली तेव्हाच गेली. नाईकाने पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. "माझ्या लेकीला त्या कड्याचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही," असं म्हणत तो वर्षानुवर्षं इतरांच्या दुप्पट वेळा उतरला आणि त्याने मधाचे चाळीस रांजण भरून ठेवले. मध काही नासत नाही. लेकीला, नातवंडांना, पतवंडांना पुरून उरेल एवढं धन! शेजारच्या गावांतली माणसं ते रांजण बघायला यायची आणि तोंडात बोटं घालायची.

येसू अठरा वर्षांची झाली. आता तुम्हीच सांगा, अशी पोर किती आनंदात असायला हवी? पण ती दिवसभर उंबऱ्यावर बसून राहायची. तिच्या बरोबरीच्या मुली अंगणात दोरासाठी वाखाचे धागे वळायच्या, भांडायच्या, खिदळायच्या. ही नुसती बघायची. पुढे पुढे तिने जेवण टाकलं. मधाचं बोट ओठाला लावलं तरी तोंड फिरवायची. पोर दिवसेंदिवस वाळत चालली.

नाईकाने वैदू आणला, चांदीचे वाळे आणले, बोलका पोपट आणला. शेवटी तो तिच्यापुढे मटकन बसला.

"येसू, तुला काय कमी आहे गं?"

"काहीच नाही, बाबा. सकाळी उठले की वाटतं, कशाला उठले?"

नाईकाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्याची म्हातारी आत्या मात्र आतून कडाडली, "अरे शहाण्या, सगळं तूच करून ठेवलंस! तिला करायला ठेवलंस काय? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आणि तू तर पोरीला टाकीचा आवाजसुद्धा ऐकू दिला नाहीस. वाख दे तिच्या हातात."

"आणि कड्यावरून पडली तर?"

"आणि अशीच बसून मेली तर?"

येसूने हे सगळं ऐकलं होतं. ती उठली आणि मुलींच्यात जाऊन वाख वळायला बसली.

पहिला दोर एका हिसक्यात तुटला. मुली पोट धरून हसल्या. दुसराही तुटला. हातांची सालं गेली. तिसऱ्या दोराला गावातले चार गडी लोंबकळले, तरी तो हूं की चूं करेना.

उतरायच्या दिवशी नाईक माथ्यावर आला तो नवाकोरा दोर घेऊन. "पोरी, हा घे. तुझ्यासाठी वळलाय. असा दोर मी जन्मात वळला नव्हता."

येसूने त्या दोराला नमस्कार केला आणि तो बापाच्या हातात परत ठेवला. "माझ्या दोरात कुठे काय आहे ते माझ्या बोटांना ठाऊक आहे, बाबा."

ती कड्यावरून खाली उतरली. नाईक खुंटाजवळ बसला. त्याचे हात सारखे दोराकडे जात होते, ते त्याने मांडीखाली दाबून धरले.

खाली काय दिसलं म्हणता? काय सांगू! पायांखाली घारी उडत होत्या. नदी सुतळीएवढी झाली होती. समोर लाखो माश्यांनी झाकलेलं मोहोळ. येसूचा श्वास त्यांच्यापर्यंत पोचला मात्र, त्या माश्यांतून वरपासून खालपर्यंत एक चकाकती लाट गेली. मग शेजारच्या मोहोळावरून गेली, मग त्याच्या पलीकडच्या. सगळा कडा जिवंत! त्याचा आवाज तिच्या छातीत घुमू लागला.

"अगं बाई," ती पुटपुटली, "हे एवढं मोठं इथेच होतं, आणि मी उंबऱ्यावर बसले होते!"

ओल्या पाल्याचा धूर करून तिने तळहाताएवढा तुकडा कापला. बाकीचं माश्यांना ठेवलं. वर आली तेव्हा तोंड सुजलेलं, एक डोळा मिटलेला, गुडघे फुटलेले. रडते आहे की हसते आहे, कळेना. नाईक धावला.

"बाबा, भाकरी आहे का? भूक लागलीय मला. भूक!"

बाप ओक्साबोक्शी रडला. लेकीने तिथेच दगडावर बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढे नाईकाने ते रांजण आजाऱ्यांना, वाटसरूंना आणि गावच्या लग्नकार्यांना मोकळे करून दिले. येसूला मुलं झाली, आणि तिने प्रत्येकाच्या हातात वाख दिला.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: लेकरांसाठी धन जरूर ठेवावं, पण त्यांच्या वाट्याचे कष्ट आपण उपसून टाकू नयेत.