वाघजाईचा घरजावई

आमचा वाघजाई कबड्डी संघ मुंबईच्या डिंगणकर शेठनी दत्तक घेतला. मॅट आली, पोरांना बूट आले. मग देवळापुढच्या सभेत शेठ म्हणाले, "आजपासून संघाचं नाव रॉयल शार्क."

पोरं माना खाली घालून बसली. त्यांच्या जर्सी वीस वर्षं मी धुते, छातीवरची वाघजाई कधी फिकी पडू दिली नाही. मी उठले. "शेठ, नाव कशाला बदलता?"

शेठ हसले. "वहिनी, लग्न झालं की सुनेचं नाव बदलतातच ना? तुमचंही बदललं असेल."

"बदललं. यमुनाची मालिनी झाले, कारण मी सासरी नांदायला गेले. इथे संघ तुमच्या घरी आलाय, की तुम्ही आमच्या दारी?"

"मीच आलोय."

"मग घरजावई तुम्ही! नाव तुमचं बदलायचं. आणा गं तांदळाचं ताट, अंगठीनं लिहिते!"

सगळी सभा हसली. शेठही पोट धरून हसले आणि नव्या नावाचा फलक त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवला. मोठ्या मनाचा माणूस, उपकार विसरायची नाही मी. परवा संघ जिंकला तेव्हा देवीपुढचा नारळ मी त्यांच्याच हाती दिला.

पोरं ओरडली, "फोडा, जावईबापू!"