वाकडी वीण

फार जुन्या काळी एका नगरीत एक विणकर राहत असे. तो झाडावरून पडला की छपरावरून, हे पुढे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नसे. दर वेळी तो काही निराळेच सांगे आणि मग आपल्याच सांगण्यावर शंका घेई. पडला एवढे मात्र खरे. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचे पाय परके झाले. चिमटा काढला तरी कळेना, हलवू म्हटले तरी हलेनात.

वैद्य म्हणाला, "कणा चेचला आहे, पण सगळाच तुटलेला दिसत नाही. पायांकडे जाणारी एखादी पाऊलवाट उरली असेल, नसेलही. असली तर वापराने रुळेल. पडून राहिलास तर तीही बुजेल."

त्या नगरीत विणकरांचा एक नियम होता. माग ज्याचा, त्याच्याच पायांनी मागाची पावडी दाबली गेली पाहिजे. वर्षभरात तसे झाले नाही, तर माग दुसऱ्याला द्यायचा.

बायकोने कंबर कसली. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून ती नवऱ्याशेजारी बसू लागली. त्याची पावले तिने पावड्यांना फडक्याने बांधली आणि वर आपली पावले ठेवली. ती दाबी, तो हाताने धोटा फेकी.

"नुसते बसू नका," ती म्हणे. "मी दाबते तेव्हा तुम्हीही मनातून दाबा."

"मनातून दाबायला मी काय साधू आहे?" तो कुरकुरे. पण दाबी.

वर्ष सरले. विणकरांचा म्होरक्या पाहणीला आला आणि नेमकी तेव्हाच वीण बिघडली. एक ओळ सुटली, दुसरी तिरकी गेली. विणकराचा चेहरा उतरला.

"अगं, झोपलीस की काय? आता माग गेलाच म्हणायचा."

"माझ्यावर काय ओरडता? माझे पाय कुठे आहेत ते तरी बघा."

तिने दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली होती. खाली खड्ड्याच्या अंधारात पावड्या मात्र करकरत होत्या. बधिर पावलांना तिचा भार गेल्याचे कळलेच नव्हते.

म्होरक्याने कापड बोटांनी चाचपले. "हिची वीण मी ओळखतो. इतके वाईट कापड हिला ठरवूनही जमणार नाही," तो हसून म्हणाला. "हे तुझेच, बाबा. माग इथेच राहील."

पेठेतल्या लोकांनी ते वाकडे कापड काठीला बांधून वेशीवर फडकवले. विणकर आधी दोन काठ्यांवर उभा राहिला, मग एका काठीवर नदीपर्यंत जाऊ लागला. त्याची वीणही सरळ झाली.

आपले पाय म्होरक्यासमोरच जागे झाले, असे तो सगळ्यांना सांगे. पण खरेच तसे होते का, ही शंका त्याला सोडीना. पुष्कळ वर्षांनी त्याने वेशीवरून उतरवून घरी जपलेले ते कापड उलगडून ओळ न् ओळ तपासली. पहिली चूक कितीतरी आधीची निघाली, किनारीचा रंग बदलला होता तिथली. त्याच आठवड्यात तो बायकोला म्हणाला होता, "माग फोडून चुलीत घाल."

त्याने बायकोला विचारले. ती म्हणाली, "हो, तेव्हापासूनच मी अधूनमधून पाय काढून घेत होते."

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावे: हरवलेली वाट चुकत चुकत चालणाऱ्यालाच सापडते, आणि सापडल्याचे त्याला फार उशिरा कळते.