डाव्या टोपलीतली पिल्ले

पूर्वी शालवती नगरीवर भद्रसेन राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका कोंबड्या पाळणाऱ्याच्या घरी जन्म घेतला. नाव सोणक. राजाच्या खुराड्यांत अंडी फुटून पिल्ले निघाली की पहिल्याच दिवशी नर कोणता, मादी कोणती, हे सोणक सांगायचा. पिल्लू तळहातावर घ्यायचा, पंख अंगठ्याने हलकेच उलगडायचा. त्या जातीत पिसे एक लांब, एक आखूड असली की मादी. सगळी सारखी असली की नर. इतरांना तुरा फुटेपर्यंत काही कळत नसे.

मादी उजव्या टोपलीत, नर डाव्या. डावी टोपली कोठारी धनपाल उचलून न्यायचा. "नर डोंगरापलीकडच्या गावांना वाटतो," असे त्याने सांगितले होते. सोणकाने ते खरे मानले.

बारा वर्षे गेली. एके सकाळी सोणकाचा हात चुकला आणि एक मादी डाव्या टोपलीत पडली. ध्यानात आले तेव्हा धनपाल निघून गेला होता. सोणक मागोमाग धावला नि कोठाराच्या मागे आला.

तिथे खोल खड्डा होता. धनपालाने टोपली पालथी केली नि फावड्याने वर राख लोटली. राख हलत होती. अरेरे, राखेतून चिवचिव ऐकू येत होती!

"अहो, हे काय करता?"

"नर काय अंडी घालणार आहेत? फुकट दाणे कोण चारणार?"

"पण गावांना वाटतो म्हणाला होतात ना!"

"तुझा हात थरथरू नये म्हणून म्हणालो," धनपाल हसला. "अरे सोणका, मी नुसती टोपली पालथी करतो. मारायचं कुणाला, ते तर तूच सांगतोस."

सोणकाने खड्ड्यात उडी घेतली, दोन्ही हातांनी राख उपसली. चार पिल्ले जिवंत निघाली. बाकीच्यांची अंगे अजून ऊबदार होती, पण माना पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नवी पिल्ले पुढ्यात आली, तर सोणकाने हात मांडीवरून उचललाच नाही. ते कळताच राजा स्वतः आला. सोबत राणी वसुमती, सातवा महिना लागलेली.

"विद्या विसरलास काय रे?"

"नाही, महाराज. कळतं सगळं. सांगणार मात्र नाही."

"मग तूच उतर त्या खड्ड्यात!"

सोणक उठला, सगळ्यांसोबत कोठारामागे गेला आणि खरेच उतरला. धनपालाने फावडे भरून राजाकडे पाहिले. राजा 'टाक' म्हणाला नाही, पण 'थांब'ही म्हणाला नाही. पहिली राख सोणकाच्या खांद्यावर पडली.

"जरा थांबा," राणी म्हणाली. "तो जिवंत आहे तोवर विचारून घ्या, माझ्या पोटात काय आहे ते. तुम्हाला मुलगाच हवा ना? मुलगी म्हणाला, तर मीही उतरते. खाली जागा आहे."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने काठावर गुडघे टेकले, हात खाली सोडला नि सोणकाला वर ओढले. "सांगू नकोस," तो पुटपुटला. "काय आहे ते मला सांगू नकोस."

खड्डा त्याच दिवशी बुजवला. त्यानंतर नर पिल्ले खरोखरच डोंगरापलीकडच्या गावांना जाऊ लागली.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू मंगल. राणी म्हणजे भिक्षुणी अंजना. धनपाल म्हणजे इथे बसलेला हा भिक्षू वत्सल, जो चुलीतली राखही पाय वाचवून ओलांडतो. आणि बारा वर्षे न बघता ज्यांनी निवड केली, ते हात माझे. आपल्या विद्येने कुणाचे काय होते, हे जाऊन बघणे, आणि बघितल्यावर हात आवरणे, हीच करुणा."