समोरची घोंगडी

“म्हणजे बुवा, तुमचा आशीर्वाद नाही असं समजू?”

विश्वंभरनं हे हसत विचारलं. सरकारी समितीवर गेल्यापासून तो सगळंच हसत विचारायचा. माझं तर डोकंच फिरायचं.

निरंजनबुवा सुपारी कातरत राहिले.

एकेकाळी याच मठात वाढलेला हा बुवांचा सगळ्यात हुशार शिष्य. आता वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा बंद करून मोठ्या गावच्या शाळेत मिसळायच्या, हा निर्णय त्याच्याच डोक्यातून निघाला होता. डोंगराखालच्या धनगरवाड्याची शाळाही त्या यादीत होती. वाड्यातली माणसं शाळेच्या दारात ठाण मांडून बसली होती. बुवांनी शब्द टाकला तर उठतील, म्हणून साहेबांची गाडी डोंगर चढून आली होती.

वाड्यातल्या भागाक्काही मठात आल्या होत्या. त्यांची नात त्याच शाळेत पहिलीत. विश्वंभरनं त्यांना वाकून नमस्कार केला. नमस्काराला ही माणसं कधी चुकत नाहीत.

“समोरची घोंगडी घाल,” बुवा मला म्हणाले.

ही मठाची जुनी रीत. वादात आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याच्या घोंगडीवर बसायचं आणि त्याची बाजू ‘मी’ म्हणून बोलायची. समोरचा ‘ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. उपाशीपोटी दिवेलागणीपर्यंत बसून राहिलेले शिष्य मी पाहिलेत. विश्वंभरला मात्र तिथं कधी वेळ लागला नाही.

तो मांडी घालून बसला. डोळे मिटले.

“मी भागाक्का. मोठ्या गावची शाळा ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात ओढा कुणाला जाऊ देत नाही. गाडी देऊ म्हणतात. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येईल, माझ्या दारात नाही. चार दिवस मी नातीला पोचवीन. पाचव्या दिवशी मेंढरं कोण बघणार? मग ती घरी राहील. मग मेंढरांमागं जाईल. मग तिचं लवकर लग्न लावून देऊ... आणि तुम्ही शहरात बालविवाहावर परिषद भरवाल.”

भागाक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

“माज्या मनातलंच बोलला बाबा,” त्या पुटपुटल्या.

विश्वंभर उठला. पँट झटकली.

“आता माझी बाजू. नऊ पोरांसाठी एक इमारत, एक शिक्षक, हे राज्याला परवडत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आहे, मैदान आहे...”

“थांब. मघाशी बोललास, ते तुला आधीपासून ठाऊक होतं?”

“अर्थात. अहवालात विरोधी बाजूचं आख्खं प्रकरण आहे. सगळ्यांनी वाखाणलं ते.”

“आणि हुकमावर सही?”

“सोमवारी.”

बुवांनी अडकित्ता भिंतीवर भिरकावला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

“अरे, मला वाटलं तुला ठाऊक नसेल! अडाणी असतास तर पाया पडून समजावलं असतं. डोळ्यांनी बघतोस, तोंडानं बोलतोस, बाईला रडवतोस, आणि तरी हातानं सही करतोस?”

“बुवा, धोरणं रडून ठरत नाहीत.” विश्वंभरचं हसू आता मावळलं होतं. “सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, मग निर्णय घ्यायचा. तुम्हीच शिकवलंत हे.”

“मी शिकवलं?”

...

बुवांची नजर रिकाम्या घोंगडीकडे गेली. मग हळू आवाजात म्हणाले,

“तू उठलास कसा?”

“माझं बोलून झालं होतं.”

“आक्का, तुम्ही याला ऊठ म्हणालात?”

भागाक्कांनी पदर खाली घेतला. विश्वंभरकडे रोखून पाहिलं.

“न्हाई. म्या न्हाई म्हटलं.”

“बस,” बुवा म्हणाले.

खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला. विश्वंभरनं घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही.

“किती वेळ बसायचं, बुवा?”

“तिची नात शिकून मोठी होईपर्यंत.”