दबा, झडप आणि झाडावरची मतं

एक होतं रान. ते आटपाट होतं की नाही यावर तिथे दोन मतं होती, म्हणून दोन पक्ष होते.

त्या रानाला राजा नव्हता. सिंहासन होतं. करवंदीच्या जाळीपाशी एक सपाट कातळ, उन्हाळ्यात तापणारा, पावसाळ्यात शेवाळणारा. पण त्यावर कुणी बसलेलं नव्हतं, कारण रानात लोकशाही होती आणि लोकशाहीत बसण्याआधी मतं लागतात. मतं होती रानकोंबड्यांकडे. बाकीच्यांकडे दात होते, नखं होती, शिंगं होती. कोंबड्यांकडे नुसती संख्या होती.

मत देण्याची रीत सोपी होती. मतदानाच्या सकाळी कोंबड्यांनी मोठ्या ऐनाच्या झाडावरून खाली उतरायचं. डावीकडे उतरलं तर मत कोल्ह्यांच्या पक्षाला, उजवीकडे उतरलं तर लांडग्यांच्या. उतरलेल्या मतदाराचं स्वागत करायला उमेदवार स्वतः पुढे यायचा. मागे एका निवडणुकीत भरघोस मतदान झालं होतं. उतरलेल्या सगळ्या कोंबड्या लोकप्रतिनिधींना भेटायला आत गेल्या. ती भेट अजून चालू आहे.

तेव्हापासून मतदानाचा टक्का घसरला.

प्रकरण पहिलं
*(हे प्रकरण कोल्हे पक्षाने लिहून दिलं आहे.)*

.

.

कुक.

.

*(प्रकरण समाप्त.)*

इतकंच. कोल्हे पक्षाचा जाहीरनामाही साधारण एवढाच होता. पक्षाचे उमेदवार दबकोजी यांना तो तोंडपाठ होता.

दबकोजींचे आजोबा दबा धरून बसायचे, वडील दबा धरून बसायचे. वडिलांनी डोळे मिटले तेसुद्धा जाळीत बसल्या बसल्या. दोन दिवस घरच्यांना वाटलं, प्रचार चालू आहे. जाताना त्यांनी लेकाला एकच शिकवण दिली होती : ‘आवाजामागे जाऊ नये. आवाजाला आपल्याकडे येऊ द्यावं.’ म्हणून दबकोजी करवंदीच्या जाळीत बसत आणि फार वेळाने, अगदी हळू, कोंबडीच्या आवाजात एकदा ‘कुक’ करत. दुसऱ्यांदा करायचं नाही. दुसऱ्यांदा केलं की कोंबडीला शंका येते. पहिल्यांदा केलं तरी येत होती, पण ते पक्षाला मान्य नव्हतं.

“अहो, मागच्या निवडणुकीला बसलात ते आत्ता उठताय,” त्यांची बायको साळूबाई म्हणाली. “शेपटीवर वारूळ चढलंय बघा.”

“संयम म्हणतात त्याला.”

“घरात म्हणायला तेवढंच आहे. खायला खेकडे. पोरांना वाटतं कोंबडी हा देव आहे. दिसत नाही, पण आहे म्हणायचं.”

दबकोजी गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हातखंडा होता. पण ओहोळातले खेकडे त्यांनाही आता घशाखाली उतरत नव्हते, आणि त्याहून न उतरणारी एक गोष्ट होती. पक्षाने ठरवलं होतं : या खेपेला एकही मत पडलं नाही, तर उमेदवारी काढून दबकोजींच्या मेव्हण्याला द्यायची.

“माझा भाऊ काय वाईट आहे?” साळूबाई म्हणाली.

“मी कुठे वाईट म्हटलं?”

“तोंड बघा आपलं. खेकडा चावल्यासारखं झालंय.”

प्रकरण दुसरं
*(हे लांडगे पक्षाने लिहून दिलं आहे. उभं राहून वाचावं.)*

तुऱ्याच्या बंधूंनो! पिसांच्या भगिनींनो!! किती पिढ्या फांदीवर काढणार? फांदीने तुम्हाला काय दिलं? ज्या झाडाने तुम्हाला या मातीपासून तोडलं, ते झाड मी तोडीन!!! सत्तेवर येताच पहिल्या दिवशी सगळं रान सपाट! तुम्ही जमिनीवर, मी जमिनीवर, मध्ये कुणी दलाल नाही!!!! बोला, एकच झडप…

“प्रश्न गडप!” खालून लांडगे ओरडले.

“प्रश्न म्हणजे आपणच ना गं आक्का?” झाडावरून रंगू नावाच्या तरण्या कोंबडीने विचारलं.

“हो. सरक वरच्या फांदीवर,” शेवंताक्का म्हणाली. ती कळपात सगळ्यांत जुनी. तिची आई, मावशी आणि पहिली दोन अंडी लोकशाहीच्या कामी आली होती.

भाषण करणारे ते झडपराव लांडगे. त्यांचा दब्यावर विश्वास नव्हता. बसून कधी क्रांती होते का, असं ते म्हणत आणि सरळ झाडावर धावून जात. खोडाला धडक देत. पालापाचोळा उडे, कोंबड्या एक फांदी वर चढत, आणि झडपराव कपाळाला टेंगूळ घेऊन परत येत. टेंगळाची मिरवणूक निघे. अशा तऱ्हेने कोंबड्या शेंड्याला पोचल्या होत्या आणि झडपरावांचं कपाळ भव्य दिसू लागलं होतं.

व्यत्यय

आचारसंहिता लागू झाल्यामुळे पुढच्या परिच्छेदात कुणाचंही नाव घेता येणार नाही.

एक जण झाडाच्या डावीकडे रानाच्या कोठारातली नाचणी पसरू लागला. ती आमिष नव्हती, योजना होती. हे बघून दुसऱ्याने उजवीकडे ज्वारी पसरली. मग पहिल्याने भात पसरला. कोठार दोघांपैकी कुणाच्या बापाचं नव्हतं. ते कोंबड्यांनीच दाणा दाणा टिपून, कर म्हणून भरलं होतं. भर दुपारी एक जण जाळीत डोळे मिटून चिंतन करी आणि दुसरा माळावर सभा घेई. तेवढ्या वेळात कुणीतरी झाडावरून उतरून कुणाच्या तरी योजनेचा लाभ घेई आणि तोंड पुसून परत वर जाई.

आचारसंहिता संपली. त्या कोंबड्या होत्या.

“आक्का, निवडणूक किती छान असते,” रंगू ढेकर देत म्हणाली.

“निवडणूक छानच असते बाई,” शेवंताक्का म्हणाली. “निकाल तेवढा लागू नये.”

प्रकरण तिसरं, ज्यात दोघेही शहाणे होतात

मतदान उद्यावर आलं. पसरलेले दाणे गायब होत होते आणि मत एकही दिसत नव्हतं. दबकोजींनी मनाशी हिशेब मांडला की दाणे लांडगे खातात. झडपरावांनी जाहीर सभेत सांगितलं की दाणे कोल्हे खातात. कोंबड्या खात असतील असं दोघांच्याही मनात आलं नाही. मतदार खातो, ही कल्पनाच त्या रानात नवी होती.

संध्याकाळी साळूबाई खेकडा सोलता सोलता म्हणाली, “त्या लांडग्याकडे बघा. आपटतो, पडतो, पण काहीतरी करतो तरी. तुम्ही जरा हातपाय हलवाल की नाही?”

“घाई केली की पाखरू उडतं.”

“आणि नाही केली की मेव्हणा येतो.”

हे वाक्य दबकोजींच्या काळजात जाऊन बसलं. दबा धरूनच बसलं म्हणा ना. ते त्या दिवशी जाळीत गेले तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं : उद्या आपण थोडं धडाडीने वागायचं. दोनदा ‘कुक’ करायचं. जमल्यास तीनदा.

त्याच वेळी माळापलीकडे झडपरावांची म्हातारी आई त्यांच्या टेंगळावर कसला तरी पाला चोळत होती. “बाळा, झाड काही उतरत नाही. त्या कोल्ह्याकडून शीक जरा. गोड आवाज काढतो. निदान डोकं तरी शाबूत आहे त्याचं.”

झडपराव रात्रभर घशातल्या घशात ‘कुक’ करत राहिले. पहाटेपर्यंत त्यांना इतकं छान जमलं की त्यांचं त्यांनाच खावंसं वाटू लागलं.

मतदान

सकाळी दाट धुकं होतं. निवडणूक अधिकारी धोंडोपंत घुबड ऐनाच्या ढोलीत स्थानापन्न झाले आणि झोपले. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाही शंका नव्हती. मतदान दिवसा असायचं आणि धोंडोपंतांना दिवसा दोन्ही बाजू सारख्याच दिसायच्या.

दबकोजी जाळीत बसले होते. पुढचा पंजा दिसत नव्हता. त्यांनी घसा ओला केला आणि म्हणाले, “कुक.”

मग धीर करून, “कुक.”

आणि धुक्यातून, कारवीच्या झुडपांमागून, उत्तर आलं.

“कुक?”

दबकोजींचे कान ताठ झाले. बापजन्मात, आजेजन्मात कुणाला उत्तर आलं नव्हतं. आणि काय आवाज! भरदार, किंचित घोगरा. चांगली पोसलेली, पोक्त मतदार असणार. त्यांच्या डोळ्यांपुढे तो कातळ आला, त्यावर बसलेले आपण आले, आणि खाली उभा राहून पंखा हलवणारा मेव्हणा आला.

“कुक, कुक!” ते म्हणाले.

“कुक, कुक, कुक!” पलीकडून आलं. जवळून आलं.

‘आवाजामागे जाऊ नये,’ वडील म्हणाले. दबकोजींनी मान डोलावली आणि एक पाऊल पुढे टाकलं. ‘आवाजाला येऊ द्यावं.’ हो बाबा, येतोच आहे की, मी नुसता वाटेत भेटतोय. दुसरं पाऊल. करवंदीचा काटा नाकाला लागला, ते त्यांना कळलंही नाही. आयुष्यभर साठवलेला सगळा संयम मागच्या पायांत गोळा झाला होता आणि तो आता म्हणत होता, पुरे.

वर शेंड्यावर धुकं विरळ होतं. तिथून सगळं दिसत होतं.

“आक्का, डावीकडून एक कोंबडी चाललीय. तिला झुपकेदार शेपटी आहे.”

“दिसतेय.”

“उजवीकडूनही एक येतेय. तिला टेंगूळ आहे.”

“बोलू नकोस,” शेवंताक्का म्हणाली. “मतदाराने मत गुप्त ठेवावं.”

खाली दबकोजींनी झेप घेतली. झडपरावांनीही घेतली, कारण सवय जात नाही. धुक्यात फटकन आवाज झाला. दबकोजींच्या दातांत काहीतरी गरम आणि केसाळ आलं. कोंबडी जरा राठ आहे, त्यांना वाटलं, पण मत ते मत. तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या शेपटीत कुणीतरी दात रोवले.

“ऊंऊंऊं!” असं दोघेही एकदम ओरडले. तोंड कुणीच उघडलं नाही.

धुकं विरलं. कोल्ह्याच्या तोंडात लांडग्याचा कान होता, लांडग्याच्या तोंडात कोल्ह्याची शेपटी. दोघे एकमेकांकडे बघत होते. आधी सोडील त्याला दुसरा फाडील, हे दोघांनाही एकाच क्षणी कळलं. त्यांच्यात झालेलं हे पहिलं एकमत.

गलक्याने धोंडोपंतांची झोप मोडली. त्यांनी एक डोळा उघडला, खाली पाहिलं आणि नियम आठवले. डावीकडच्या उमेदवाराने एक मत धरलेलं आहे. उजवीकडच्या उमेदवाराने एक मत धरलेलं आहे. ते ढोलीबाहेर आले आणि त्यांनी निकाल वाचला :

“मतदान शांततेत पार पडलं. समसमान कौल. दोन्ही पक्षांनी हातात हात, म्हणजे जे ज्यात आहे ते त्यात ठेवून राज्य करावं, असा जनतेचा स्पष्ट आदेश आहे.”

आणि डोळा मिटला.

शपथविधी

*(शपथ जशी ऐकू आली तशी.)*

“म्म्म, म्मम्म म्म म्मम्म.”

लांडग्यांनी टाळ्या वाजवल्या. कोल्ह्यांनी, पक्षाच्या परंपरेप्रमाणे, काहीच केलं नाही.

दोघांना तसंच, गोल गोल फिरत, कातळापर्यंत नेण्यात आलं. कातळावर जागा एकालाच होती, पण दोघे असे अडकले होते की मावले. दबकोजींच्या मनाची धाकधूक थांबली. उमेदवारी वाचली होती. सिंहासन मिळालं होतं. मेव्हणा पंखा घेऊन उभा होता. खाली साळूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, “अहो, जिंकलात! आज काय करू जेवायला?”

दबकोजींना सांगायचं होतं : खेकडे सोडून काहीही. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. ते साळूबाईकडे, मग तिच्या हातातल्या खेकड्याकडे बघत राहिले. तीन पिढ्यांनी जे सिंहासन मिळवण्यासाठी तोंड बंद ठेवलं, ते मिळाल्यावर तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. साळूबाईने थोडा वेळ वाट पाहिली आणि खेकडा मेव्हण्याला वाढला.

माळावर मग लांडग्यांनी कार्यकर्त्यांना समजावून सांगितलं की संयम हाच खरा आक्रमकपणा आहे. कोल्ह्यांनी समजावलं की वेळ आल्यावर झडप घालणं यालाच दबा म्हणतात. कार्यकर्त्यांना दोन्ही पटलं. कालपर्यंत त्यांनी एकमेकांचे कान चावले होते. आज वरच चावलेले आहेत म्हटल्यावर खाली चावायचं कारण उरलं नाही.

आणि ऐनाच्या झाडाखाली, डावीकडची नाचणी आणि उजवीकडची ज्वारी एकत्र करून, कोंबड्या पंगतीला बसल्या होत्या. त्या दिवशी घाई नव्हती. सरकार गुंतलेलं होतं.

“आक्का, आपण मत दिलं का गं?” रंगूने विचारलं.

“नाही बाई.”

“मग त्यांना निवडून कुणी दिलं?”

“त्यांनी एकमेकांना.”

रंगूने ज्वारीचा दाणा फोडला. “पण आक्का, त्यांनी एकमेकांना सोडलं तर?”

शेवंताक्का कातळाकडे बघत राहिली. तिथे नवं सरकार जनतेला हात दाखवायचा प्रयत्न करत होतं आणि प्रत्येक हालचालीला कुठेतरी दुखत होतं.

“नाही सोडायचे,” ती म्हणाली. “पण तू आपली झाडावरच झोपत जा.”

ते सरकार अजून टिकून आहे. कान सुटत नाही, शेपटी सुटत नाही; आणि या न सुटण्याला त्या रानात विचारधारा म्हणतात.